गार झालेला रस्सा आणि इतर भांडणं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की प्रोग्रॅमर एकवेळ लोकलमधली चौथी सीट सोडतील, पण मुद्दा सोडणार नाहीत. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादक म्हणाले, "मावशी, या वेळचं सदर भांडणांनाच देऊन टाका." दिलं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की १९८४ साली मी फोर्टमधल्या एका बँकेच्या संगणक विभागात कोबॉल या भाषेत प्रोग्रॅम लिहायला लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच होते. भांडणं पुष्कळ पाहिलीत. दोन-चार मीच लावली होती.

प्रश्न : मावशी, माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र पवईला एकाच कंपनीत आहेत. परवा रविवारी तिघं घरी जेवायला होते. मटणाचा रस्सा वाढला आणि त्यांचं "टॅब की स्पेस" सुरू झालं. रस्सा गार झाला, मी दोनदा गरम केला, तिसऱ्यांदा नाही केला. एक जण तर अर्ध्या ताटावरून उठत होता. हे असतं तरी काय? आणि त्यात एवढं भांडण्यासारखं काय आहे? (एक आई, प्रभादेवी)

उत्तर : तिसऱ्यांदा गरम केला नाहीत ते उत्तम केलंत.

आपण वाणसामानाची यादी करताना "डाळी" असं लिहून त्याखाली तूर, मूग, मसूर जरा आत सरकवून लिहितो ना, तसंच प्रोग्रॅममध्येही लिहितात. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे त्यावरून कळतं. आत सरकवायच्या दोन रीती. टॅबचं बटण एकदा दाबा, नाहीतर स्पेसबार चारदा. टॅब हे एकच चिन्ह असतं आणि ते किती रुंद दिसावं हे ज्याचं त्यानं आपल्या मशीनवर ठरवायचं. स्पेस सगळीकडे सारखीच. वाद एवढाच. कागदावर छापून दिलं तर तुमच्या मुलालाही ओळखता येणार नाही की यात टॅब आहेत का स्पेस.

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नियमावली सांगते टॅब, आणि तोही आठ अक्षरांचा. पायथन भाषेची सांगते चार स्पेस. दोन्हीची खिचडी केली तर पायथन ३ प्रोग्रॅम चालवायचंच नाकारतं. गो भाषावाल्यांनी मात्र भाषेबरोबर एक अवजारच देऊन टाकलं. ते सगळ्यांचा कोड आपणहून टॅब घालून सारखा करतं. तिथे तुमचं मत कुणी विचारत नाही, म्हणून तिथे रस्साही गार होत नाही.

यातला माझा आवडता किस्सा 'मेक'चा, म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमचे तुकडे जुळवून देणाऱ्या प्रोग्रॅमचा. बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात काही ओळी टॅबनंच सुरू कराव्या लागतात, स्पेस दिल्या तर अडून बसतो. ही खोड लवकरच त्यांच्या ध्यानात आली होती. पण तोवर दहा-बारा जण तो वापरायला लागले होते, त्यांची पंचाईत कशाला, म्हणून तशीच ठेवली. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या दहा-बारा जणांच्या भिडेपायी अख्खं जग अजून टॅब दाबतंय.

आमच्या वेळी मताचा प्रश्नच नव्हता. कोबॉल आम्ही छापील कोडिंग शीटवर पेन्सिलीनं लिहायचो. सातव्या रकान्यात शेऱ्याची फुली, आठव्यापासून परिच्छेदाचं नाव, बाराव्यापासून वाक्य आणि बहात्तराव्याला थांबायचं. हे रकाने आले पंच कार्डावरून, म्हणजे भोकं पाडून संगणकाला भरवायच्या पुठ्ठ्यावरून. आयबीएमनं १९२८ साली ८० रकान्यांचं कार्ड काढलं, आणि आजही पोरं "ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब नको" म्हणून एकमेकांना दटावतात. त्यांच्यातल्या एकानंही कार्ड डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

आता एवढी चुरस का, ते सांगते. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५७ साली एका समितीचं वर्णन केलं होतं. अणुभट्टीचा प्रस्ताव आला, तो काही मिनिटांत मंजूर. मग कर्मचाऱ्यांच्या सायकलींसाठी शेड बांधायची निघाली, त्यावर लांबलचक चर्चा. कारण भट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. प्रोग्रॅमर लोकांत अशा चर्चेला "बाइकशेडिंग" असंच म्हणतात. मला हे वाचायची गरज नव्हती, मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जाते. स्ट्रक्चरल ऑडिटचा चाळीस पानी अहवाल दहा मिनिटांत संमत झाला. पाचव्या पानावर गच्चीच्या तुळईला गेलेल्या तड्याचा फोटो होता, त्याबद्दल विचारणारी मी एकटी. मग बाहेरून रंग क्रीम द्यायचा की बदामी, हा विषय निघाला. साडेसातला निघाला आणि दहाला सेक्रेटरींनी वडे मागवले. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं सख्खे शेजारी त्यानंतर गणपतीपर्यंत बोलत नव्हते.

पण मुलाला "फालतू वाद" म्हणून झिडकारू नका. मी स्वतः वर्षानुवर्षं कट्टर स्पेसवाली होते. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही महिने अक्षर मोठं केल्याशिवाय दिसेना, आणि चार-चार स्पेसच्या पायऱ्या उतरत कोड पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जायला लागला. ज्या फायलींत टॅब होते तिथे मी रुंदी दोनवर आणली आणि सगळं मावलं. ब्रेल पट्टीवर वाचणाऱ्या अंध प्रोग्रॅमरांचीही हीच अडचण असते, प्रत्येक स्पेस पट्टीवरचं एक घर खाते. तेव्हापासून मी टॅबवाली. पुढच्या रविवारी हा मुद्दा मुलाच्या कानात सांगा. तो स्पेसवाला असला तर त्याच्या मित्राच्या.

प्रश्न : मावशी, मी डिप्लोमाला आहे. ॲरेची, म्हणजे ओळीनं मांडलेल्या घरांची, मोजणी शून्यापासून का, असं विचारलं तर सर म्हणतात पाठ कर. मित्र म्हणतो काही भाषांत एकपासून असते आणि तेच नैसर्गिक आहे. आमचं यावरून दोन महिने चाललंय. (एक विद्यार्थी, कुर्ला)

उत्तर : दोन महिने म्हणजे काहीच नाही रे, हा वाद तुझ्या सरांपेक्षा वयानं मोठा आहे. फोरट्रान आणि कोबॉल एकपासून मोजतात, सी शून्यापासून, आणि मागाहून आलेली लुआ परत एकपासून.

तुझ्या आजीला विचार, तुझ्या चुलतभावाचं बाळ केवढं झालं. ती म्हणेल, "दुसरं लागलं." बाळाची आई म्हणेल, "एक पूर्ण झालं." बाळ एकच आहे. "लागलं" म्हणणारी कितवं वर्ष चालू आहे ते सांगते, "पूर्ण" म्हणणारी जन्मापासून किती अंतर काटलं ते सांगते. सी भाषा "पूर्ण"वाली आहे. ॲरेचा अंक हा क्रमांक नसून सुरुवातीपासूनचं अंतर असतो. समज ॲरे १००० या पत्त्यावर सुरू होतो आणि प्रत्येक घर चार बाइटचं आहे (बाइट हे संगणकाच्या साठवणीचं माप). तिसरं घर हवं तर दोन घरं ओलांडायची, म्हणजे १००० अधिक २ गुणिले ४, पत्ता १००८. पहिल्या घरासाठी काहीच ओलांडायचं नाही, म्हणून शून्य. आपल्या इमारतींतही हेच आहे की. तळमजला, मग पहिला मजला. पहिल्या मजल्यावरचा माणूस खरं तर दुसऱ्या थरावर राहतो, पण जिने त्यानं एकच चढलेला असतो.

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९८२ साली यावर एक छोटं टिपण हातानं लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की सुरुवात धरावी आणि शेवट सोडावा. म्हणजे शून्यापासून दहापर्यंत, दहा सोडून. मग वजाबाकी केली की किती वस्तू आहेत ते सरळ मिळतं, दहा वजा शून्य दहा, आणि एक यादी जिथे संपते त्याच आकड्यावर पुढची सुरू होते. मला हे पटतं. पण कोबॉलमध्ये मी जन्मभर एकपासूनच मोजलं आणि बँक बुडाली नाही.

खरी चूक होते ती वेगळीच. स्लो लोकलनं चर्चगेटहून दादरला जाताना स्टेशनं किती? चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. नऊ. आणि गाडी धावली किती वेळा? आठ. प्रोग्रॅम लिहिताना आपण स्टेशनं मोजतोय का टप्पे, हे विसरलं की एकानं चुकतं, मग भाषा शून्यवाली असो की एकवाली. परीक्षेत हे उदाहरण लिही. सरांना आवडेलच याची खात्री देत नाही.

प्रश्न : डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला "एसक्यूएल" म्हणायचं की "सीक्वेल"? मुलाखतीत फजिती झाली. (एक उमेदवार, मालाड)

उत्तर : आयबीएमच्या लोकांनी १९७४ साली नाव ठेवलं होतं ते सीक्वेलच. ते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचं निघालं, म्हणून मधली अक्षरं गाळून एसक्यूएल केलं. आमच्या विभागात जुने लोक एसक्यूएल म्हणत आणि परदेशवारी करून आलेले सीक्वेल. मुलाखत घेणारा जे म्हणेल ते म्हणा, नोकरी लागल्यावर आपलं म्हणा.

प्रश्न : आमची लालबागला छोटी पतपेढी आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन मुलं मिळून लिहीत आहेत. एक म्हणतो रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशचिन्हाच्या आकड्यात, ठेवू, ८५० रुपये ५० पैसे म्हणजे ८५०.५. दुसरा म्हणतो सगळं पैशांत ठेवू, ८५०५०. पहिला म्हणतो हे अडाणीपणाचं आहे, दुसरा म्हणतो तुझं धोक्याचं आहे. काम तीन आठवडे थांबलंय. मला दोघांचं म्हणणं सारखंच वाटतं. (मानद सचिव, लालबाग)

उत्तर : सारखं नाहीये. सचिव साहेब, वरच्या सगळ्या भांडणांत मी हसले, यात हसणार नाही. हा रंगाचा वाद नव्हे, हा तुळईच्या तड्याचा आहे.

दशमान पद्धतीत एकाला तीननं भागलं तर ०.३३३ करत बसावं लागतं, संपत नाही. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्याची तीच गत एक दशांशाची होते. दहा पैसे त्याला नेमके लिहिताच येत नाहीत. जवळचा काहीतरी आकडा तो धरतो. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. हा बिघाड नव्हे. हे १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकाबरहुकूम आहे, आणि पुलाचा भार किंवा हवामान मोजायला ते उत्तमच आहे. पासबुकात शोभत नाही, एवढंच.

माझ्यावर बेतलेलं सांगते. १९९१ च्या सुमारास लॅमिंग्टन रोडवरून आमच्या विभागात दोन पीसी आले. मी नवी नवी सी शिकले होते, अंगात वारं होतं. एका बचत योजनेच्या अकराशे खात्यांचं व्याज काढायचा प्रोग्रॅम मी कोबॉल सोडून सीमध्ये लिहिला, आणि रक्कम ठेवली फ्लोटमध्ये. एकूण व्याज नव्वद हजारांच्या आसपास होतं. महिनाअखेरीला माझी बेरीज आणि लेजरची बेरीज यांत सात पैशांचा फरक आला. मी साहेबांना म्हटलं, सात पैसेच आहेत. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "रुपया मी खिशातून भरतो बाई, पैसा कुठे गेला ते तुम्ही सांगा." अकराशे खाती हातानं ताडली. एकही खातं चुकलेलं नव्हतं! बेरीज करताना प्रत्येक पायरीला कणभर सांडत गेलं होतं. रात्री साडेअकराची लोकल पकडली, घरी सासूबाईंनी झाकून ठेवलेली भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रोग्रॅम पुन्हा कोबॉलमध्ये लिहिला.

नंतर शांतपणे गणित केलं तेव्हा घाम फुटला. सीमधला साधा फ्लोट १,३१,०७२ रुपयांच्या पुढे गेला, की त्याला धरता येणाऱ्या लागोपाठच्या दोन रकमांमधलं अंतरच दीड पैशाहून जास्त होतं. म्हणजे पुढे काही पैसे असे असतात जे तिथे लिहिताच येत नाहीत. नव्वद हजारांवर निभावलं म्हणायचं. आजकाल बहुतेक भाषा दुप्पट लांबीचा फ्लोट वापरतात, त्यात सांडणं फार कमी होतं, पण होतं. कोबॉलमध्ये पॅक्ड डेसिमल नावाची सोय आहे, एका बाइटमध्ये दोन दशमान आकडे. दहा पैसे म्हणजे दहाच पैसे. या भाषेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण हिशेबाच्या बाबतीत तिचं बोट धरून चालायला हरकत नाही.

तेव्हा दुसऱ्या मुलाचं बरोबर. पण त्यालाही एक विचारा, आकडा ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, ठेवलायस का? त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. पैशांत ठेवलंत तर ते झाले दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे. तुमच्या पतपेढीच्या ठेवी त्याच्या पुढे गेल्या असतील, तर एके दिवशी एकूण ठेवी उणे दिसतील आणि वार्षिक सभेत तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. ६४ बिट घ्या, किंवा डेटाबेसमध्ये दशमान रकमेसाठी वेगळा प्रकार असतो तो घ्या.

आणि पूर्णांक करण्याचा नियम लेखी ठरवा. शाळेत आपण अडीचचे तीन करतो. पायथन ३ अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार, जवळच्या सम आकड्याकडे जातं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण पासबुकात एक आणि लेजरमध्ये दुसरी नको. व्याजातला पैशाचा अंश शेवटपर्यंत जपा आणि पूर्णांक एकदाच करा. कुणी म्हणेल, २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ सालीच चलनातून गेली, आता पैसे कशाला मोजता. नाणी गेली, वह्यांतले पैसे गेलेले नाहीत. लेखापरीक्षक येतो तो वही बघायला.

प्रश्न : आम्ही तीन मित्र. प्रश्न असा निघाला, की "मुंबई" या शब्दाची लांबी किती? एक म्हणाला तीन, एक म्हणाला पाच, मी म्हणालो पंधरा. तिघांनी मशीनवर करून दाखवलं आणि तिघांचं खरं निघालं. वडापावची पैज आहे. पैसे कुणी द्यायचे? (एक पंधरावाला, मुलुंड)

उत्तर : ज्यानं "लांबी किती" असं मोघम विचारलं त्यानं. दुकानात जाऊन "तेल पाच द्या" म्हटलं तर वाणी विचारेलच, लिटर की पिशव्या?

म, उकार, अनुस्वार, ब, ई, हे झाले पाच संकेत. युनिकोड हे जगभरच्या लिपींचं मानक प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतं, जावास्क्रिप्ट किंवा पायथन तेच मोजून पाच सांगतं. ते क्रमांक यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवले की देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणून पंधरा. आणि डोळ्यांना दिसतात ती अक्षरं तीन, मुं-ब-ई. रोमन लिपीत हेच नाव सहा बाइटमध्ये बसतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोन प्रोग्रॅमरांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची मांडणी काढली. जुनी इंग्रजी चिन्हं एका बाइटमध्ये जशीच्या तशी राहावीत ही त्यातली अट होती, त्यामुळे आपल्या वाट्याला तीन आले. मला त्याचा राग नाही. सगळ्या लिपींना एकाच फायलीत पंगतीला बसवलं, हे काम लहान नव्हे.

एसएमएसचा अनुभव तर तुम्हाला असेलच. इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत सत्तर संकेत. आजोबांना "आषाढी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा" पाठवून वर दोन ओळी खुशालीच्या लिहिल्या, की दुसऱ्या मेसेजचे पैसे पडायचे.

पण हे पैजेपुरतं नाही. आमच्याकडे ठेवीदारांना मराठीतून पत्रं जायची तेव्हा कुणीतरी नावासाठी जागा ठरवली आणि पुढचं कापलं. "लक्ष्मी" पाच संकेतांवर कापा, हातात राहतं "लक्ष्", शेवटी लोंबकळणारा हलंत. एक आजीबाई पत्र घेऊन काउंटरला आल्या होत्या आणि म्हणत होत्या, "माझं नाव कुणी तोडलं?" कापायचं तर अक्षरावर कापावं, हे सांगायला सोपं आहे. पण अक्षर म्हणजे काय यावर खुद्द युनिकोडवाल्यांचाही घोळ होता. त्यांच्या नियमानं "क्ष"चे दोन तुकडे पडायचे. देवनागरीतली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम आला २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. कुठलंही बालभारतीचं पोर त्यांना हे आधी सांगू शकलं असतं.

"मुंबई" उलटी करून बघा. संकेत उलटे केले की उकार आणि अनुस्वार म सोडून बवर जाऊन बसतात. वडापाव खाताना करमणूक होईल.

प्रश्न : मावशी, मी तेवीस वर्षांची आहे, अंधेरीला सीप्झमध्ये दुसरी नोकरी. दुपारच्या डब्यावर रोज एकच वाद. अर्धे म्हणतात एआय कोड लिहितंय, आपण दोन वर्षांत घरी. अर्धे म्हणतात तो नुसता कचरा लिहितो. मी कुठल्या बाजूला बसू? (एक वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : ज्या बाजूला डबा चांगला असेल त्या बाजूला बस.

"आता प्रोग्रॅमर नकोत" हे माझ्या जन्माच्या आधीपासून म्हटलं जातंय. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूनं आयबीएममध्ये फोरट्रान आणली तेव्हा त्या प्रकाराला "ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग" म्हणत. यंत्राच्या भाषेत लिहिणारे नाकं मुरडायचे, की मशीन काय आमच्याइतकं चांगलं लिहिणार. तुमच्या डब्यावरची दुसरी बाजू तीच. कोबॉलचं काम १९५९ साली सुरू झालं तेव्हा आशा अशी, की इंग्रजीसारखी भाषा असेल, मॅनेजरलाही वाचता येईल. माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही मॅनेजरनं माझी एक ओळ वाचली नाही.

म्हणून मी "हेही जाईल" असं म्हणेन असं तुला वाटेल. नाही म्हणत. आपल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला तोच प्रोग्रॅम शंभरदा दिला तर शंभरदा तेच देतो, त्यामुळे आम्ही त्याच्यावर विसंबून झोपलो. हा नवा पाहुणा एकाच प्रश्नाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं उत्तर देऊ शकतो. मी गंमत म्हणून त्याच्याकडून व्याजाचा हिशेब लिहून घेतला. कोड नीटनेटका, शेरे सुरेख, आणि रक्कम फ्लोटमध्ये! मी म्हटलं, "पैशांत कर." तो म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे," आणि क्षणात करून दिलं. इतका गोड बोलणारा ज्युनिअर मला कधी लाभला नव्हता. पण सात पैशांपायी मी ती लोकल पकडली नसती, तर मला "पैशांत कर" म्हणायचं सुचलं असतं का?

तू एक कर. त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ काय करते ते शेजारच्या मुलीला मराठीत समजावून सांग. जिथे अडखळशील तिथे थांब आणि ती स्वतः लिही. महिनाभर करून मला पत्र टाक, मलाही बघायचंय काय होतं ते.

प्रश्न : ऑफिसच्या सर्व्हरवर चुकून विम हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम उघडला. बाहेर पडता येत नाही. सीनियरला विचारलं तर तो हसला आणि इमॅक्स या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमचं कौतुक सांगायला लागला. (एक शिकाऊ, ठाणे)

उत्तर : एस्केप दाब. मग कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह, आणि एंटर. काही लिहिलं असशील तर ते जाईल, लिहिलं नसशीलच. लाजू नकोस, "विममधून बाहेर कसं पडायचं" हा एकच प्रश्न २०१७ सालापर्यंत स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर दहा लाख वेळा पाहिला गेला होता. विमचा पूर्वज व्हीआय हा १९७६ सालचा, आणि तुझ्या सीनियरचं इमॅक्सही त्याच सालचं, दोघं जुळे भाऊ म्हण. भांडणार नाहीत तर काय.

तुझं पत्र टपालानं आलंय आणि त्यावर शिक्का तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. तोवर तू मशीन प्लगातूनच काढलं असशील, असं मी धरून चालते.